ट्रोलटुंगा: शेवटचे ४ किलोमीटर

नॉर्वेतल्या ट्रोलटुंगाचा, म्हणजे ट्रोलच्या (तिथल्या लोककथांतल्या राक्षसाच्या) जिभेचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. कड्यातून बाहेर आलेली दगडी जीभ, टोकावर एकटा माणूस, खाली साधारण ७०० मीटरवर रिंगेडालचं तळं. त्या माणसामागची रांग फोटोत येत नाही. २०१० साली वर्षभरात जेमतेम ८०० लोक यायचे, २०१६ मध्ये ८०,००० आले. आम्ही दीड तास उभे होतो. त्याचं मला काही वाटलं नाही. राग आहे तो परतीच्या डांबरी रस्त्याचा, कारण त्याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं.

शेग्गेदालच्या पार्किंगपासून जाऊन-येऊन २७ किलोमीटर, १० ते १२ तास. ऑगस्टअखेर पहाटे पाचला मी आणि बर्गनला राहणारा माझा मावसभाऊ डोक्याला टॉर्च लावून निघालो. पहिले ४ किलोमीटर मोगेलितोप्पपर्यंत वळणावळणाचा डांबरी चढ. अंगात दम असतो, काही जाणवत नाही.

मी तिथे गेले ट्रोलसाठी. ट्रोल डोंगराच्या पोटात राहतात, रात्री बाहेर पडतात आणि उन्हात सापडले की दगड होतात. एका ट्रोलला हे पटेना, त्याने उजाडताना गुहेतून जीभ काढून सूर्याला वेडावलं, अशी इथली गोष्ट. भूगोल सांगतो की सुमारे १०,००० वर्षांपूर्वी हिमनदीने कडा फोडला. दोन्ही मला मान्य आहे. उजाडताना धुक्यातून एक शिळा समोर आली. कपाळावर शेवाळाची जाड भुवई, खाली पाणी झिरपून काळा पडलेला एकच खळगा. तीन ट्रोलमध्ये मिळून एकच डोळा असतो आणि ते तो आळीपाळीने कपाळात बसवतात, अशी नॉर्वेची लोककथा आहे. त्या खळग्यासमोरून पाय निघेना.

पाणी वाहत्या ओढ्यातूनच भरा, डबक्यातून नको. अशाच एका काळ्या, निश्चल डबक्यापाशी थिओडोर किटेलसेनचं १९०४ चं न्योक्केनचं, म्हणजे लोककथेतल्या पाण्यातल्या भुताचं चित्र आठवलं. पाण्यावर नुसतं डोकं आणि रोखलेले डोळे. आपल्या साती आसरांसारखाच तोही माणसाला पाण्यात ओढतो, फक्त नावाने हाक मारली की त्याचं बळ सरतं. मी मारली.

जिभेला कठडा नाही. दगड ओला असेल तर टोकाला जाऊ नका, अगदी कितीही लांबून आला असाल तरी.

आता तो रस्ता. मोगेलितोप्पला परतलो तेव्हा पाय संपले होते. खाली जाणारी शटल भरलेली होती. "ताई, आता नुसता उतार आहे, वीस मिनिटांत पोचू," असं भाऊ म्हणाला आणि मी ऐकलं. २३ किलोमीटर चालून झाल्यावर कडक डांबरावरचा तीव्र उतार म्हणजे प्रत्येक पावलाला गुडघ्यात खिळा. बुटात अंगठ्याची नखं पुढे आपटत होती. तिसऱ्या वळणापासून मी उलटी चालत उतरले. एक तास वीस मिनिटं लागली. खाली टॅक्सीवाल्याने ओड्डा गावापर्यंत जे पैसे घेतले, त्यात आमच्या हॉस्टेलच्या दोन रात्री निघाल्या असत्या. ही लूट आहे. भाडं ठरवल्याशिवाय बसू नका.

दुसऱ्या दिवशी फ्लॉमची रेल्वे. क्योसफॉसेन धबधब्यापाशी गाडी थांबते, लाल कपड्यांतली हुल्ड्रा, म्हणजे लोककथेतली रानातली मोहिनी, नाचते. छान आहे.

जाणार असाल तर जून ते सप्टेंबरमध्येच, एरवी वाटाड्या घ्या. मोगेलितोप्पचं वरचं पार्किंग मिळालं तर अंतर २० किलोमीटरवर येतं, पण तिथे जेमतेम ३० गाड्या मावतात, आधी बुक करावं लागतं. ते नाही मिळालं तर वर जाताना चाला, आणि परतीच्या शटलचं तिकीट चढायला लागायच्या आधीच खिशात ठेवा.