तिसरा फोन

मावशींच्या मुलाचा खून झाला त्याला आठ वर्षं झाली होती. ज्याने केला तो जन्मठेप भोगत होता. मावशींना त्याला एकदा भेटायचं होतं, आणि अशा भेटी घडवून आणणं हे माझं काम.

दोघांना समोरासमोर बसवलं की झालं, असं लोकांना वाटतं. या भेटीआधी मी दहा महिने दोघांकडे वेगवेगळी जात होते. गुन्हा पूर्ण कबूल आहे ना, त्यात कुठे 'पण' लपलेला नाही ना, या भेटीने शिक्षेचा एक दिवसही कमी होणार नाही हे कळलंय ना, हे त्याच्याशी पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. तुरुंगात 'माफी' म्हणजे शिक्षेतून वजा होणारे दिवस. म्हणून तो शब्द मी त्याच्यापुढे उच्चारत नाही. मावशींपुढे तर नाहीच. त्या माफ करायला निघाल्या आहेत असं मी परस्पर का ठरवू?

या कामाची सुरुवात 1974 ची मानतात. कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन पोरांनी एका रात्रीत 22 ठिकाणी तोडफोड केली. प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं, ह्यांना त्या लोकांच्या दारात नेऊ या. पोरं गेली, नुकसान भरून दिलं. काच भरून देता येते. खुनानंतर काय भरून द्यायचं? त्यासाठी आम्हाला प्रशिक्षणात एमी बील या अमेरिकन विद्यार्थिनीची गोष्ट सांगतात. 1993 मध्ये दक्षिण आफ्रिकेत, केपटाऊनच्या गुगुलेतू वस्तीत जमावाने तिला मारलं. 1998 मध्ये, वर्णभेदाच्या काळातले गुन्हे कबूल करणाऱ्यांना अभय देऊ शकणाऱ्या तिथल्या सत्य आणि समेट आयोगाच्या प्रक्रियेतून, त्या खुनासाठी शिक्षा झालेले चौघे सुटले, तिच्या आईवडिलांनी विरोध केला नाही, आणि त्यातले दोघे पुढे तिच्याच नावाच्या संस्थेत कामाला लागले. मोठ्या मनाचे आईवडील. पण ही गोष्ट मी कुठल्याच आईला ऐकवत नाही. ऐकून तिला आपणच कोत्या मनाच्या वाटू लागतो.

मावशींची खुर्ची दाराजवळ ठेवली होती, वाटेल तेव्हा उठून जाता यावं म्हणून. तो आत आला, उभाच राहिला.

"आई, मी..."

"आई नको म्हणूस."

काय बोलायचं, कुठे थांबायचं, सगळं आम्ही दहा महिन्यांत बोललो होतो. हाक काय मारायची, हे विचारायचं राहून गेलं होतं. चूक सर्वस्वी माझी. थांबू या का, असं मी मावशींना विचारलं. त्या त्याच्याकडेच बघत म्हणाल्या, "बाई म्हण."

मग त्याने सांगितलं. भांडण कशावरून झालं, चाकू कुठून आणला. हे सगळं कोर्टात झालेलंच होतं, पण वकिलांच्या तोंडून. मावशींनी मधे एकदाही अडवलं नाही. तो थांबला तेव्हा त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. उघडला मात्र नाही.

"त्या रात्री मी त्याला तीनदा फोन केला. दोनदा नुसता वाजला. तिसऱ्यांदा कापला. कोणी कापला?"

तो बराच वेळ गप्प. अशा वेळी काहीतरी बोलून टाकावंसं वाटतं. न बोलणं शिकायला मला काही वर्षं लागली.

"मी," तो म्हणाला. "त्याच्या खिशात वाजत होता. आवाजाने कोणी येईल म्हणून काढला आणि कापला. वर 'आई' असं दिसत होतं, बाई."

"म्हणजे त्याने नाही कापला."

"नाही."

मावशी उठल्या. दोन तासांची ठरलेली भेट पाऊण तासही चालली नाही. त्याने हात जोडले होते. त्यांनी ते पाहिले, आणि त्या दाराबाहेर पडल्या.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर म्हणाल्या, "सकाळी आमचं वाजलं होतं. मला वाटलं, रागाने कापला. मग मीही रागाने पुन्हा लावला नाही. झोपले."

भेटीनंतरही मी काही आठवडे दोघांकडे जाते. तसं त्यांना सांगितलं. त्या कागदाची घडी बोटांनी दाबत राहिल्या.

"त्याच्याकडे जाशील तेव्हा एवढं विचार. नुसतं 'आई' लिहिलेलं होतं, का पुढे आणखी काही होतं?"