तुम्ही विचारलंत म्हणून: खायचे नाहीत, तर मासे धरता कशाला?

वेंगुर्ल्याहून आत्याचा फोन आला की तब्येत, पाऊस, मुलांची शाळा एवढं झाल्यावर ती या प्रश्नावर येतेच: “खावचे नाय, मगे धरतंस कित्याक गो?” पुण्याच्या मैत्रिणी हेच जरा घोळवून विचारतात. इंग्लंडमध्ये मासे धरण्याच्या स्पर्धांसाठी दिवसभर नदीकाठी बसायचं, धरलेले सगळे मासे तोलायचे आणि परत पाण्यात सोडायचे, हा काय उद्योग? फोनवर मी बहुतेक वेळा विषय बदलते, कारण उत्तर लांब आहे. ते आज एकदा लिहून टाकते.

आधी खाण्याचं मिटवू. इंग्लंडच्या नद्यांत सॅमन आणि ट्राउट सोडून जे मासे असतात, त्यांतले वीस सेंटिमीटरपर्यंतचे छोटे पंधरा मासे एका माणसाला दिवसाला नेता येतात. पाइक (दुसरे मासे खाणारा शिकारी मासा) आणि ग्रेलिंगचे नियम वेगळे. त्याहून मोठं बाकी सगळं सोडावंच लागतं, आणि बहुतेक क्लब तर काहीच नेऊ देत नाहीत. १५ मार्च ते १५ जून नदीवर या मासेमारीला पूर्ण बंदी असते. शिवाय ज्याच्यासाठी मी बसते तो रोच म्हणजे रोहूचा लांबचा, गरीब नातेवाईक. वीतभर अंग, त्यात काटेच काटे. तांबोशी आणि काळुंदर खाल्लेल्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

पण खरं कारण त्याहून रोकडं आहे. मोसमात आठवड्याला त्याच काठावर दोन-तीन डझन लोक स्पर्धेला बसतात. धरलेलं घरी न्यायचं ठरवलं तर नदीत उरेल काय? सोडणं ही आमची दया नाही, ती या खेळाची अट आहे. आणि खेळ मासा धरण्याचा असला तरी चुरस असते ती शेजाऱ्याशी. त्याच्याही पुढ्यात तीच नदी आणि घड्याळात तेच पाच तास. त्या पाण्यातून कोण जास्त काढतो एवढंच बघायचं असतं. मासा म्हणजे आमचा धावफलक.

नदी वॉरिकशरची एव्हन. इंग्लंडमध्ये एव्हन नावाच्या नद्या बऱ्याच आहेत; ही स्ट्रॅटफर्डवरून, म्हणजे शेक्सपिअरच्या गावावरून येते, ईव्हशमला मोठा वळसा घालते आणि ट्यूक्सबरीला सेव्हर्नला मिळते. होड्या चालाव्यात म्हणून तिच्यावर जागोजाग बंधारे आणि लॉक (होड्या वरखाली नेणारे दरवाज्यांचे हौद) आहेत. खालचा टप्पा १९६२मध्ये आणि वरचा १९७४मध्ये होड्यांसाठी पुन्हा खुला झाला, तोही मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांच्या श्रमांवर. या बंधाऱ्यांमुळे पावसाळी पूर सोडला तर पाणी जेमतेम सरकतं. उन्हाळ्यात ते वाहतंय की नाही हे कळायला पाण्यावरचं एखादं पान बघत राहावं लागतं. स्ट्रॅटफर्डजवळच्या लडिंग्टनला याच नदीवर १९८१मध्ये जागतिक स्पर्धा झाली होती. वैयक्तिक विजेतेपद इंग्लंडच्या डेव्ह थॉमसनं मिळवलं. काठावरचे म्हातारे अजून त्या स्पर्धेबद्दल बोलतात, आणि बोलायला लागले की त्यांना थांबवणं कठीण.

सकाळी आठच्या सुमारास चिठ्ठ्या निघतात. पिशवीत हात घालायचा, नंबर काढायचा. तो नंबर म्हणजे तुमचा ‘पेग’, काठावरची तुमची जागा. इथे नशीब आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. टोकाचा पेग मिळाला तर एका बाजूला माणूसच नसतो, आणि सगळ्यांच्या गडबडीनं दबलेले मासे तिकडे सरकतात. मध्येच कुठेतरी उघड्या काठावर, समोर होड्यांचा धक्का अशी जागा आली तर तोंड पाडून सामान ओढत जायचं. सामानही थोडं नसतं: पाय खालीवर करता येणारा सीटबॉक्स, आमिषाचे ट्रे, हातजाळी, तीन-चार मीटर लांबीचं कीपनेट (धरलेले मासे तोलेपर्यंत पाण्यात ठेवायची जाळी), मागे ठेवायचे रोलर, आणि पोल.

पोल म्हणजे काय ते आत्याला समजवायला मला कायम कष्ट पडतात, कारण तिच्या डोळ्यांसमोर बांबूची काठी, तंगूस आणि गरी असते. तसं पाहिलं तर पोल तीच काठी आहे. रीळ नाही, दोर टोकालाच बांधलेला. फरक एवढाच, की ही काठी कार्बन फायबरची, तेरा ते सोळा मीटर लांब आणि वजनाला किलोच्या आतबाहेर. चांगली घ्यायची तर हजारो पौंड मोजावे लागतात. माझी वापरलेली आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांना तेरा मीटरची मर्यादा असते. टोकाच्या पोकळ तुकड्यांतून मिलिमीटरपेक्षाही बारीक इलॅस्टिक ओवलेलं असतं. मासा लागला की ते बाहेर ताणलं जातं आणि त्याचा झटका झेलतं, म्हणूनच केसाएवढा, ०.१० मिलिमीटरचा दोर टिकतो. दोर पाण्याच्या खोलीपेक्षा जरासाच लांब. मासा आणायचा तर तेरा मीटर पोल मागच्या रोलरवरून काठावर सरकवत न्यायचा, टोकाचे दोन-तीन तुकडे सुटे करायचे आणि मग हातजाळी पुढे करायची. हे पाच तास, न धडपडता, मागे पायवाटेवरून कुत्री आणि सायकली जात असताना. दुसऱ्या दिवशी कंबर हिशेब मागते.

दहाला शिट्टी होण्याआधी दीड तास तयारीचा असतो, आणि माझ्या मते निम्मी स्पर्धा तिथेच ठरते. गळाला ओळंबा लावून तळ मोजायचा. कुठे उतार संपतो, कुठे चिखल, कुठे कडक. बोटभर खोलीचा फरक पडला तर आमिष तळाला टेकतं की लोंबकळतं हे बदलतं, आणि रोचला ते कळतं. मग ग्राउंडबेट, म्हणजे मासे जमवायला पाण्यात टाकायचं खाणं, भिजवायचं. ब्रेडचा चुरा आणि बियांची पूड मुठीत दाबली की बेसनाच्या लाडवासारखी वळली पाहिजे आणि तळाला जाऊन फुटली पाहिजे. पाणी थोडंही जास्त झालं तर गोळा तळाशी तसाच बसून राहतो, कमी झालं तर वाटेतच विरतो आणि मासे वर चढतात.

आमिष म्हणजे घरातलं माझं सगळ्यात मोठं भांडण. माश्यांच्या अळ्या (घरात घोंघावतात त्या माश्या, पाण्यातले मासे नव्हेत) आणि त्यांचे कोष, ज्यांना इथे कॅस्टर म्हणतात, हे थंडच ठेवावे लागतात. नाहीतर कोष काळे पडून तरंगायला लागतात. म्हणजे फ्रिज. नवऱ्यानं शेवटी गॅरेजसाठी वेगळा छोटा फ्रिज आणला आणि शांतता झाली. रोचला आवडणारं दुसरं खाणं म्हणजे उकडलेल्या भांगेच्या बिया. बी उकलून पांढरा कोंब दिसला की तयार. हे आत्याला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा या विषयात मनापासून हसली.

शिट्टी झाली की सगळे एकदम ग्राउंडबेटचे गोळे फेकतात, आणि पंधरा मिनिटं काठ फुटल्यासारखा आवाज येतो. मग खरं काम. दोरावरच्या तरंगत्या फ्लोटचं टोक पाण्यावर तांदळाच्या दाण्याएवढं दिसतं. त्याखाली बारीक वजनं कशी लावली आहेत, सगळी एकत्र की विखुरलेली, त्यावर आमिष कसं खाली जातं ते अवलंबून. (या वजनांपैकी ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची ब्रिटनमध्ये १९८७पासून बंद आहेत, कारण काठावर पडलेलं शिसं गिळून एव्हन आणि टेम्सवरचे हंस मरत होते. बंदीनंतर हंस परतले. आता ते आमचं ग्राउंडबेट खातात, पण त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.) मंद पाण्यात फ्लोट नदीच्या वेगानं सोडायचा, अडवून धरायचा की इंचइंच पुढे सरकवायचा, हे दर अर्ध्या तासाला बदलतं. मासे लागायचे थांबले, तर ते गेले, की वर चढले, की जवळच पाइक येऊन उभा राहिलाय? पाइक असला तर रोच एकदम गप्प होतात, आणि कधी तुमच्या गळावरचाच रोच तो पळवतो. अकराच्या सुमारास होड्या सुरू होतात, तळ ढवळला जातो. कोणी वैतागतं. अनुभवी माणूस त्याच वेळी काठालगत चिरलेली गांडुळं टाकून पर्च जातीचे मासे मिळतात का बघतो.

आणि हे सगळं करताना एक डोळा शेजाऱ्यावर. तो दर फेरीला बिया टाकतोय की दोनदा टाकून थांबतोय? त्याचा पोल अजून तेरा मीटरवर आहे की आठवर आला? हातजाळी किती वेळा पाण्यात गेली? गोविंदा पथकं एकमेकांचे थर मोजतात ना, अगदी त्याच नजरेनं. यात ‘निसर्गाच्या कुशीत शांत दिवस’ वगैरे काही नसतं. तसा दिवस हवा असेल तर पुस्तक घेऊन जावं.

आता अवघड भाग. पुण्यातली एक मैत्रीण शाकाहारी आहे, तिचा प्रश्न वेगळा: खाण्यासाठी मारणं एक वेळ समजेल, पण नुसत्या खेळासाठी जिवाला टोचायचं? २००३मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसिटिक आम्ल टोचून पाहिलं. त्यांना इजा ओळखणारे मज्जातंतू सापडले, आणि मासे खाणं टाळू लागले, ओठ टाकीच्या तळावर घासू लागले. याला वेदना म्हणायचं का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मला वाटतं मासा दुखण्यातून जातो, आणि ‘सोडून देतो ना’ हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. उलटा काटा नसलेले गळ, ओल्या हातांनी धरणं, प्रशस्त कीपनेट यांनी ते कमी होतं, संपत नाही. तरी मी जाते. तिला मी पटवू पाहत नाही, आणि तीही मला रविवारी घरी बसवू पाहत नाही. खाणारा आणि सोडणारा यांत सोडणारा जास्त सभ्य, असं इथले काही लोक मानतात; ते मला अजिबात पटत नाही. आत्याचा मासा निदान कोणाचं तरी पोट भरतो.

तीनला शिट्टी. मग तराजू काठाकाठानं येतो आणि सगळे त्याच्या मागे. वजन अजूनही पौंड आणि औंसांत. कीपनेट अलगद उचलायचं, मासे तराजूच्या जाळीत ओतायचे, काटा वाचायचा, कागदावर लिहायचं, मासे काठाला टेकून पाण्यात सोडायचे. फेकायचे नाहीत. आठ पौंड, म्हणजे साडेतीन किलोच्या थोडं वर, हा एव्हनवर एखाद्या दिवशी जिंकून देणारा आकडा असतो आणि एखाद्या दिवशी मधल्या फळीतला. मोठा ब्रीम एखाद्यालाच लागला तर त्यानं दिवसभर रोच वेचणाऱ्याची मेहनत पाच मिनिटांत मागे टाकलेली असते, आणि सगळे “नशीब” म्हणतात, ज्याला लागला तो सोडून. संघांची स्पर्धा असेल तर काठाचे विभाग पाडतात: विभागात पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि ज्यांची बेरीज सगळ्यात कमी ते जिंकतात. मला ही पद्धत जास्त आवडते, कारण वाईट पेगवर बसलेल्यालाही शेजाऱ्यापेक्षा एक औंस जास्त काढायला कारण उरतं.

मग गाड्यांपाशी पैशांची पाकिटं वाटली जातात. सगळ्यांच्या प्रवेशाचे पैसे एकत्र करून तीच रक्कम पहिल्या काही जणांत आणि विभागांच्या विजेत्यांत जाते. माझ्या वाट्याला कधी येतं, बहुधा येत नाही, आणि आलं तरी पुढच्या आठवड्याच्या अळ्या आणि पेट्रोल यांतच जिरतं. आत्याचा पुढचा प्रश्न हाच असतो, की मग मिळतं किती. म्हणून तेही लिहिलं.