वर्गणीचा पब

हडस्वेलच्या पबात मी शिरलो तो पावसामुळे. इंग्लंडात, उत्तर यॉर्कशरमध्ये रिचमंडजवळ हे एवढंसं गाव. दुपारची वेळ, बुटांत पाणी. आत शेकोटीपुढे एक कुत्रा आडवा पसरला होता. त्याने एक डोळा उघडून मला पाहिलं आणि पुन्हा मिटला. पसंत पडलो असावा. लाइम सोडा मागवून (मी पीत नाही, पण पबात बसायला फार आवडतं, मित्र याला ढोंग म्हणतात) वळलो, तर शेजारीच लायब्ररी. प्लॅस्टिकची कव्हरं घातलेल्या जाडजूड रहस्यकथा, आणि त्या चाळत उभ्या एक आजीबाई.

आमच्या गावी दारूचं दुकान आलं की काकू माझं मनगट धरून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला न्यायची. गुत्ता! दारावरचा मळका पडदा हलला की मी मान वळवायचो आणि मानेवर चापट बसायची. एकदा मात्र आतलं दिसलंच. एक बाकडं आणि ताटलीत उकडलेली अंडी. एवढ्यासाठी इतक्या चापटा खाल्ल्या?

हडस्वेलचा हा पब, ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’, 2008 मध्ये बंद पडला होता. मग गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढली, शेअर विकले आणि 2010 मध्ये पब विकत घेतला. उद्घाटनाला इथले खासदार विल्यम हेग आले, जे तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. पबातच लायब्ररी आली, गावातल्या लोकांनी पाळीपाळीने सांभाळायचं छोटं दुकान आलं, भाजीपाल्याचे वाफेही आले. ‘कॅमरा’ या बिअरप्रेमींच्या संघटनेने 2016 चा देशातला सर्वोत्तम पब म्हणून यालाच निवडलं. दरम्यान 2011 च्या कायद्याने इंग्लंडातल्या गावांना थोडा आधार दिला होता. पब समाजोपयोगी मालमत्ता म्हणून नोंदवून ठेवला आणि मालकाने विकायला काढला, तर पैसे जमवायला त्या कायद्याने गावाला सहा महिने दिले. मात्र मालकाने गावालाच विकावा अशी सक्ती त्या कायद्यात नव्हती. मेख ती तिथे.

पबाला वारसा-बिरसा म्हणू लागले की मी सावध होतो. काळ्या तुळया जपायच्या, घोड्याचे नाल टांगायचे आणि जेवणाचे भाव पर्यटकांच्या खिशाचे ठेवायचे. मग मंगळवारी संध्याकाळी गावातली जी चार टाळकी अर्ध्या पाइंटवर दोन तास काढतात, त्यांनी कुठे जायचं? पब चालतो तो त्यांच्यामुळे. आणि बुडतोही बहुधा त्यांच्यामुळेच, अर्ध्या पाइंटवर कुणाचं भागतं?

वर्गणीचं आपल्यालाही काही नवल नाही. गणपती, सप्ताह, देवळाचा सभामंडप. देणगीदारांची नावं तर आपण पायाखालच्या फरशीवरसुद्धा कोरतो. पण एसटी स्टँडसमोरचं हॉटेल, जिथे आजोबा आणि मंडळी एका कटिंगवर पेपरची पानं वाटून घेत सकाळ घालवायची, ते रस्ता रुंदीकरणात गेलं तेव्हा कुणी पावतीपुस्तक काढलं नाही. मीही नाही. गावातले म्हातारे मग एटीएमच्या पायरीवर बसायला लागले. दार उघडलं की एसीची झुळूक यायची.

गेल्या खेपेला पाहिलं, तर बँकेने तिथे ‘येथे बसू नये’ अशी पाटी लावली होती.