मधुमालतीची छाटणी

साताऱ्यातील आमच्या घराच्या कुंपणाशी आईने नऊ वर्षांपूर्वी मधुमालतीचे हातभर रोप लावले, तेव्हा ती पहिले वर्षभर एखाद्या शहाण्या झुडपासारखी सरळ उभी होती. पुढच्या पावसाळ्यात तिने लांबच लांब फुटवे सोडले आणि सज्जा ओलांडून ती पन्हळीत शिरली. हिचे जुने शास्त्रीय नाव ‘क्विस्क्वालिस’ असे होते, त्याचा लॅटिनमधील अर्थ साधारण ‘हे कोण, हे काय’ असा होतो आणि आधी झुडूप, मग वेल अशी सोंगे घेणाऱ्या या वनस्पतीला तो शोभतो. अर्जुन, ऐन, हिरडा, बेहडा ही मोठी मंडळी हिच्याच कुळातली, हे कळल्यावर तिच्या जोमाचे मला फारसे आश्चर्य वाटेनासे झाले.

पन्हळ पाचोळ्याने तुंबून देवघराच्या भिंतीला ओल आली, त्या जूनमध्ये मी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन शिडीवर चढलो आणि हाताला लागतील तितके शेंडे छाटून टाकले. यात दोन चुका झाल्या. वेल ऐन बहरात होती, त्यामुळे त्या वर्षीची बरीचशी फुले गेली आणि आई माझ्याशी दोन दिवस मोजकेच बोलली. दुसरी चूक अधिक महागात पडली. वाढता शेंडा खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या न फुटलेल्या कोंबांना, संप्रेरकाच्या जोरावर दाबून ठेवत असतो. तो कापला की हे डोळे जागे होतात. एका शेंड्याच्या जागी तीन फुटवे आले आणि श्रावण संपण्याआधी पन्हळ पुन्हा दिसेनाशी झाली.

मधुमालतीला फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून मोठी छाटणी थंडी सरताना, माघाच्या सुमारास करावी, हे मला एका माळीकाकांनी सांगितले. तेव्हापासून मी शेंड्यांशी खेळत बसत नाही. सर्वांत जुनी, अंगठ्याहून जाड झालेली दोन-तीन खोडे करवतीने थेट बुडातून काढतो, चार-पाच तरणी खोडे ठेवतो आणि त्यांच्या आडव्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणतो. कापलेली वेल मात्र वरून ओढून काढण्याच्या फंदात पडू नये. पान गळाले तरी देठाचा बुडखा खोडावर राहतो, वाळून कडक होतो आणि त्याचाच काटा बनतो. याच काट्यांच्या आधाराने ती वर चढते आणि याच काट्यांनी माझा एक चांगला सदरा कोपरापासून मनगटापर्यंत फाडला. हातभर लांबीचे तुकडे करत खाली उतरवली की ती निमूटपणे येते, फक्त वेळ जातो.

खरी डोकेदुखी जमिनीखाली आहे. मुळांवरून येणारे फुटवे कधी तुळशीपाशी, कधी फरशीच्या सांध्यातून डोके वर काढतात. ते जमिनीलगत कापले तर आणखी जोमाने येतात, म्हणून पाऊस पडून माती सैल झाली की टिकावाने उकरून, मुळाला जिथे चिकटले आहेत तिथूनच उपटावे लागतात. शेणखत मी पूर्ण बंद केले आहे. भरपूर खत घातले की ही पाने आणि फांद्याच वाढवते. यावर आईचे म्हणणे असे, की मी वेलीला उपाशी ठेवतो.

मात्र मे महिन्याच्या संध्याकाळी पांढऱ्या फुलांचे झुबके उमलून वास अंगणभर पसरतो आणि अंधार पडताच लांब सोंडेचे पतंग फुलांपुढे तरंगू लागतात, तेव्हा कोणी काही बोलत नाही. ती फुले दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि पुढे लालभडक होतात.

यंदाच्या छाटणीत सज्ज्याजवळच्या एका फांदीत बुलबुलाचे घरटे निघाले, त्यात दोन अंडी होती, म्हणून तेवढी फांदी सोडली. पिल्ले उडून गेली आहेत. फांदी काल पन्हळीला टेकली.