सत्तर किलो आणि आजीचं पातळ

डोंबिवलीच्या आमच्या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावरून खाली एकावन्न पायऱ्या. भाजीच्या पिशव्या घेऊन चढताना माणूस दुसरं काय करणार, पायऱ्याच मोजणार.

गेल्या महिन्यात घर बदललं. फ्रीज दादाने आणि नवऱ्याने गप्पा मारत खाली नेला. उरलं वॉशिंग मशीन, पुढून दार असलेलं. टेम्पोवाल्याने ते एकदा हलवून बघितलं आणि म्हणाला, "याचे मजल्यामागे तीनशे वेगळे." नवऱ्याला ते झोंबलं. "फ्रीजच्या निम्मं तर आहे उंचीला!"

उंचीला निम्मं, पण वजनाला सत्तर किलो. कारण याच्या पोटात चक्क काँक्रीट असतं. ड्रम गरगरताना मशीन नाचू नये म्हणून टबाला काँक्रीटचे ठोकळे बसवतात. वीसेक किलो असतील. आमच्या बिल्डरने गच्चीला तेवढं जास्त घातलं असतं तर दर पावसाळ्यात बादल्या लावायला लागल्या नसत्या.

शिवाय तो टब आत स्प्रिंगांना टांगलेला असतो. मशीन तसंच उचललं तर आतल्या आत आपटत राहतो. म्हणून मागून चार लांब बोल्ट लावून तो आधी जखडायचा. मशीन बसवायला आलेल्या माणसाने ते काढून माझ्या हातात देताना "जपून ठेवा" असं बजावलं होतं. मी ते इतके जपून ठेवले की सापडेनात. तीन माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्यात निघाले. चौथा लेकाच्या गोट्यांच्या डब्यात. त्याच्या लेखी ते रॉकेट होतं.

मग पट्टा. दोरी हाताला काचते, म्हणून मी आजीचं नऊवारी सुती पातळ काढलं. चार पदरी घडी करून मशीनखालून घेतलं आणि दोन्ही टोकं दोघांच्या खांद्यावर. खाली कोण राहणार यावर दहा मिनिटं गेली. जिन्यावर मशीन कललं की जास्त भार खालच्यावर येतो, हे दादाला फ्रीजच्या वेळीच कळलं होतं. त्यामुळे तो आधीच वरच्या बाजूला जाऊन उभा होता.

दहा पायऱ्या झकास उतरले. खालच्या मजल्यावरचे काका वर बघून "तिरकं घ्या, तिरकं!" ओरडत होते. यांनी तिरकं घेतलं, आणि खालच्या कोपऱ्यातून भळभळ पाणी सुटलं. फिल्टर रिकामा करायचा राहिला होता. काळपट, कुबट, साबणाचं पाणी पायऱ्यांवरून ओघळत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या रांगोळीत. नवऱ्याचा पाय सटकता सटकता राहिला. मशीन त्याने मांडीवर पेललं, आणि तो जो शब्द बोलला तो इथे लिहिता येणार नाही.

कसंबसं मधल्या वळणावर टेकवलं. मी पायरीवर पोतं टाकून बसले आणि खालची झाकणी उघडून फिल्टर फिरवला. लिबलिबीत धाग्यांचा गोळा, दोन रुपयांचं नाणं, केसांची पिन आणि माझ्या कुडीची फिरकी. हिच्यासाठी दोन वर्षांपूर्वी मी नवऱ्याला अख्खा पलंग हलवायला लावला होता. मी ती गुपचूप मुठीत घेतली. त्या क्षणी सांगण्यात शहाणपण नव्हतं.

उरलेल्या पायऱ्या एकेक करून, प्रत्येकीवर पोतं सरकवत. पाऊण तास लागला. काकूंना रांगोळी मी नंतर परत काढून दिली, त्यांच्याइतकी सुबक नाही.

खाली टेम्पोवाला बिडी विझवून उठला. आमच्याच पातळाचा फास मशीनला घातला, पाठ लावली, वाकला, आणि एकट्याने ते टेम्पोत चढवलं. नवरा टायरकडे बघत उभा होता.

"ताई, हे कापड भारी आहे हो, राहू दे का माझ्याकडे?"

मी सोडून घेतलं.