बावा-वाचन, पुढचा टप्पा: १९७४, एक गाडी आणि सहा माणसं

मारिओ बावा या इटालियन दिग्दर्शकाचे चित्रपट सालवार बघत बघत अखेर 'कानी अर्राबियाती'पर्यंत पोचले. इंग्रजीत 'रॅबिड डॉग्ज'. त्याच्या दोन्ही आवृत्त्या (दुसरीबद्दल शेवटी) शेजारी शेजारी लावून झाल्या आहेत, म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

गोष्ट एवढीच. रोममध्ये पगाराची रोकड लुटून चौघे पळतात, त्यातला एक लगेच मरतो. उरलेले तिघे, म्हणजे दोत्तोरे, बिस्तुरी आणि त्रेंतादुए, मारिया नावाच्या बाईला ओलीस धरतात आणि सिग्नलला थांबलेल्या एका माणसाच्या गाडीत घुसतात. त्याच्याजवळ आजारी मूल आहे, तो म्हणतो इस्पितळात निघालोय. त्यानंतर जवळजवळ सगळा सिनेमा त्या गाडीत.

बावा म्हटलं की 'ब्लड अँड ब्लॅक लेस'चे लाल-जांभळे दिवे, धुकं, पुतळे आठवतात. इथे त्यातलं काहीच नाही. भर उन्हाळ्यातली दुपार, घामाने चिकटलेले केस, कॅमेरा चेहऱ्याला भिडलेला. त्रेंतादुए झालेला जॉर्ज ईस्टमन साडेसहा फुटांहून उंच. तो मागच्या सीटवर बसला की टप खाली आल्यासारखं वाटतं. खांदे हलवायला जागा नाही, म्हणून तो नुसती मान वळवतो, आणि मारियाबरोबर आपणही आक्रसतो. कमी पैशांत दडपण कसं उभं करायचं हे शिकायचं असेल तर हा सिनेमा परत परत बघावा.

गाडी चालवणारा रिकार्दो कुच्चोला. ही भूमिका आधी 'गॉडफादर'मधल्या सोलोझोला, म्हणजे अल लेत्तिएरीला दिली होती. चित्रीकरण सुरू झाल्यावर त्याला बदलावं लागलं, आणि माझ्या मते ते सिनेमाच्या पथ्यावरच पडलं. लेत्तिएरीचा चेहराच धोक्याची सूचना देतो. कुच्चोलाला १९७१ साली कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते साक्कोच्या भूमिकेसाठी, अमेरिकेत अन्यायाने विजेच्या खुर्चीत देहदंड मिळालेल्या साध्या माणसाच्या. असा चेहरा दिसला की आपण डोळे झाकून त्याच्या बाजूने होतो.

(सिनेमा पाहिला नसेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

शेवटी कळतं की मूल त्या गाडीवाल्याचं नाहीच. त्यानेच ते पळवलंय, आणि सगळे मेल्यावर तो शांतपणे खंडणीचा फोन करतो. १९७३ साली रोममधूनच गेटी या अमेरिकन तेलसम्राटाचा नातू पळवला गेला होता. इटलीत तेव्हा अपहरण ही रोजच्या पेपरातली बातमी होती. ही कलाटणी त्या प्रेक्षकांना किती झोंबली असती!

पण तो प्रेक्षक मिळालाच नाही. निर्मात्याचं दिवाळं निघालं, रिळं कोर्टकचेरीत अडकली, आणि १९८० साली बावा गेला तेव्हाही सिनेमा अप्रदर्शितच होता. मारियाचं काम करणाऱ्या लेआ लँडरने चिकाटी धरली म्हणून नव्वदच्या दशकात तो बाहेर आला. आज समीक्षक त्याला बावाच्या उत्तम कामांत धरतात. मीही धरते. मात्र मारियाच्या विटंबनेचा शेतातला प्रसंग गरजेपेक्षा खूप लांबलाय. तिची भीती आधीच पोचलेली असते; तिथे कॅमेरा दरोडेखोरांच्या बाजूने उभा राहतो, आणि ते मला पटत नाही.

आता आवृत्त्या. मुलगा लाम्बेर्तो बावा आणि निर्माता आल्फ्रेदो लेओने यांनी पुढे 'किडनॅप्ड' या नावाने दुसरी आवृत्ती केली. तीत पोलिसांची आणि मुलाच्या आईची नवी दृश्यं आहेत, स्तेल्व्हिओ चिप्रियानीचं नवं संगीतही आहे. हेतू चांगलाच असणार, पण दर वेळी गाडीबाहेर गेलो की आपण मोकळा श्वास घेतो, आणि या सिनेमात तोच घ्यायचा नसतो. शिवाय बाहेर कोणीतरी शोध घेतंय हे कळलं की आशा वाटू लागते. पहिल्यांदा बघणाऱ्यांनी 'रॅबिड डॉग्ज'च लावावा, दुसरी आवृत्ती नंतर तुलनेसाठी.

क्रमाने आता १९७७चा 'शॉक' यायला हवा. तो थोडा पुढे ढकलतेय, कारण मध्ये आल्दो लादोचा १९७५चा रात्रीच्या आगगाडीतला थरारपट बघायचा आहे. तिथेही माणसं डब्यात कोंडलेली, आणि ब्रिटनमध्ये त्याच्यावर बंदीची कुऱ्हाड पडली होती. बंद जागा दोघांनी कशी वापरली, डब्याबाहेरचं किती दाखवलं, याची टिपणं पुढच्या नोंदीत.