फुटाळ्यावर घर्रघर्र, झिरो माईलला चिडीचूप

डिसेंबरात नागपूरला जायचं तर पहाटे फुटाळा तलावावर फोटो काढायला जायचंच, असं मी मावशीला आल्याआल्या सांगून टाकलं होतं. "लय थंडी असते बापा तिथं," म्हणत तिनं काकांचा स्वेटर माझ्या अंगावर चढवला आणि पिशवीत चार संत्री कोंबली. ही संत्री लक्षात ठेवा.

साडेसहाला तलावावर पोचलो तर तलावच नव्हता. होतं ते नुसतं धुकं. पलीकडचा काठ गायब, पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळेना. डोळ्यांना सुंदर, कॅमेऱ्याला नाही. शटर अर्धं दाबलं की लेन्स घर्र करत पुढं जायची, घर्र करत मागं यायची आणि थकल्यासारखी थांबायची. फोकस लागला की दिसतो तो हिरवा ठिपका काही लागेना. माझ्या सेटिंगमध्ये फोकस लागल्याशिवाय शटर पडतच नाही, म्हणजे बोट नुसतं दाबत बसायचं.

आता शहाणपण आहे, तेव्हा नव्हतं. माझ्या कॅमेऱ्याचा, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या डीएसएलआरचा, ऑटोफोकस लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा एकमेकींशी जुळवून बघतो, आणि जुळवायला त्याला काहीतरी कड लागते. खांबाची, फांदीची, कशाचीही. धुक्यात कसली कड? काठावरच्या बाकाच्या पाठीवर फोकस धरला असता तर कॅमेरा धडधाकट आहे हे मिनिटात कळलं असतं. मी मात्र उपचार सुरू केले. लेन्सवरचं बटण एएफवरच, म्हणजे ऑटोफोकसवरच होतं. कॅमेरा बंद-चालू केला, बॅटरी काढून घातली. मग कठड्यावर बसून, डोकं शांत व्हावं म्हणून, एक संत्रं सोललं. सालीचा तो बारीक फवारा उडतो ना, अगदी तसा उडाला. दोन फोडी तोंडात टाकल्या आणि आठवलं, लेन्सच्या मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट, म्हणजे लेन्सला कॅमेऱ्याशी जोडणारे विजेचे ठिपके, पुसायचे असतात म्हणे. लेन्स काढली, अंगठ्यानं पुसले. छान घासून.

लेन्स परत बसवली आणि नाद सोडला. घर्रघर्र ऐकायचा कंटाळा आला होता. रिक्षा करून कस्तुरचंद पार्कापाशी तर्री पोहे खायला गेलो. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात, वर शेव. पुण्यात पोह्यांवर रस्सा घालणाऱ्याकडे लोक वळून बघतील. मी दोन प्लेटी खाल्ल्या. नाक वाहत होतं आणि मी खूश होतो.

तिथून झिरो माईल जवळच. तोवर लख्ख ऊन पडलेलं. चार घोडे, दगडी खांब, आणि बाजूच्या षटकोनी दगडावर जबलपूर, हैदराबाद वगैरे गावांपर्यंतचे मैल कोरलेले. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याची ही 1907 सालची खूण. रिक्षावाल्यानं हा देशाचा मध्यबिंदू असल्याचं छातीठोकपणे सांगितलं होतं, मी वाद घातला नाही. मला गंमत वाटली ती उंचीची: समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेलं! आणि माझ्या कॅमेऱ्याला दहा फुटांवरचा घोडा किती लांब आहे ते सांगता येईना. पण आता घर्रघर्रही नव्हती. लेन्स चिडीचूप. पडद्यावर अॅपर्चरच्या, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं आहे त्या आकड्याच्या, जागी दोन शून्यं. झिरो माईलला शून्यच दिसणार म्हणा.

सीताबर्डीच्या एका गल्लीत, जिन्याखाली, कॅमेरा दुरुस्तीचं छोटं दुकान सापडलं. दुकानातल्या काकांनी कॅमेरा हातातही घेतला नाही, आधी विचारलं, "आवाज येऊन राह्यला का?"

"सकाळी येत होता, आता नाही."

"मंग हे दोन येगळे आजार आहेत भाऊ. आवाज येते म्हणजे लेन्स शोधून राह्यली, तिला काही सापडत नाही. आवाजच नाही म्हणजे बॉडीचं न् लेन्सचं बोलणं बंद आहे. दुसरी लेन्स आहे का?"

होती. बॅगेत पन्नास मिलिमीटरची लेन्स होती आणि ती लावून बघायचं मला सकाळपासून सुचलं नव्हतं. लावली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर टच्‌कन फोकस. म्हणजे बॉडी ठीक. काकांनी मोठी लेन्स उलटी करून दिव्याखाली धरली, डोळ्याला भिंग लावलं, मग भिंग काढून सरळ नाकाशी नेली.

"अजी, संत्रं सोलून हात लावला काय तुमी?"

मी काही बोललो नाही.

कॉन्टॅक्टवर सालीच्या तेलाचा पातळ थर, त्यावर स्वेटरची लोकर. एका बिनधाग्याच्या फडक्यावर त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेतला आणि एकेक कॉन्टॅक्ट हळूच पुसला. काही जण खोडरबर घासतात, ते त्यांना अजिबात पसंत नाही: चुरा आत पडतो, मुलामाही झिजतो. बॉडीच्या बाजूच्या पिना स्प्रिंगवर असतात, त्यांना तर दाबून हात लावायचाच नाही. मग खट्. लेन्स बसली, शून्यं गेली, कॅलेंडरवरची तारीख स्वच्छ.

पैसे किती म्हटलं तर हात हलवला. "फडक्याचे काय पैसे घ्यायचे?" मला ओशाळल्यासारखं झालं. पिशवीत तीन संत्री उरली होती, त्यातलं एक काढून पुढं केलं. काकांनी ते घेतलं आणि काउंटरवर उघडी पडलेली दुसऱ्या कुणाची तरी लेन्स आधी झाकली. "तिकडं, स्टुलावर ठेवा. इकडं नको."